पद्मपाणी, जरा बाजूला सरका

सुट्टीला निघताना पूर्वी दोन बुकिंगं करावी लागायची, गाडीचं आणि राहण्याचं. आता तिसरं आलंय, फोटोग्राफरचं. लग्न नाही, मुंज नाही, साधी सहल. तरी माणूस आगाऊ ठरवलेला. पॅरिसला जाणारे आपले लोक आयफेल टॉवरसमोरची पहाट आधीच राखून ठेवतात म्हणे. ती लाट आता छत्रपती संभाजीनगरात पोचली आहे. कपल शूट, फॅमिली शूट, हेरिटेज शूट. निम्मे पैसे आधी, निम्मे फोटो हातात पडल्यावर. दोन ड्रेस, तीन लोकेशनं, गाणं घातलेली एक रील. मेकअपवाली वेगळी. घाम टिपायला ती दिवसभर थांबणार असेल तर आणखी वेगळी.

याला नाक मुरडायचं मला काही कारण नाही. घरोघरच्या अल्बमांत वर्षानुवर्षं एक माणूस गैरहजर आहे, तो म्हणजे फोटो काढणारा. माथेरानला बाबा नाहीत, गणपतीपुळ्याला बाबा नाहीत. फार तर आईच्या पायाशी त्यांची लांबट सावली पडलेली दिसते, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. पैसे मोजून फोटोग्राफर लावला की बाबा चौकटीत येतात. शिवाय ‘भैया, एक फोटो काढता का’ म्हणत अनोळखी माणसाच्या हाती फोन द्यायचा आणि त्याने आपले पाय आणि मागचा घुमट दोन्ही कापायचे, हा छळही वाचतो.

शहरात हे प्रकरण सुखाने पार पडतं. बीबी-का-मकबरा तर कॅमेऱ्याची सोय बघूनच बांधल्यासारखा. सरळ रेषेत दरवाजा, पाण्याचा पाट, चौथरा, चार मिनार, मधोमध घुमट. डावीकडून काढा, उजवीकडून काढा, फरक नाही. अशा ठिकाणी पर्यटकाला हात वर करायला लावून घुमटाचा कळस चिमटीत पकडून देणं ही तर फोटोवाल्यांची जुनी कलाकुसर. गंमत एवढीच, की ज्या बेगमेची ही कबर, ती दिलरस बानू १६५७ साली बाळंतपणानंतर महिनाभरातच गेली. आणि तिच्या कबरीसमोर आपली जोडपी लग्नाच्या आधीच साताजन्मांच्या पोझा देतात. देवोत. बेगमेची हरकत नसावी. फोटो टाकल्यावर पहिली कॉमेंट येते, ‘आग्र्याला कधी गेलात?’ आणि पैसे वसूल होतात.

अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. पॅकेजच्या कागदावर ‘डे टू : अजिंठा’ असं लिहिलेलं असतं.

शंभर किलोमीटरचा रस्ता. फुलंब्री, सिल्लोड, मग घाट. या रस्त्याचं काम इतकी वर्षं रेंगाळलं, की धुळीत मेकअप टिकवायचा कसा यावर संभाजीनगरच्या मेकअपवाल्या पुस्तक लिहू शकतील. फर्दापूरच्या टी-पॉइंटला आपली गाडी थांबते. पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जायचं. म्हणजे गाऊनची पिशवी, शेरवानीची पिशवी, कॅमेऱ्याच्या दोन बॅगा आणि तो सोनेरी-चंदेरी गोल रिफ्लेक्टर घेऊन बसमध्ये चढायचं. तेवढ्यात गारगोट्या विकणारा गाठतो. आधी आपलं नाव विचारतो, मग स्वतःचं सांगतो, मग हातावर जांभळ्या स्फटिकाचा एक खडा ठेवतो आणि म्हणतो, ‘आत्ता घेऊ नका साहेब, परत येताना घ्या, पण माझ्याकडूनच.’ परत येताना तो चाळीस माणसांतून तुम्हाला नावाने हाक मारतो. ग्राहक सांभाळणं कशाला म्हणतात हे हेरिटेज शूटवाल्यांनी या माणसाकडून शिकावं.

मग पायऱ्या. मग पहिलं लेणं. आणि मग अंधार.

हा अंधार पॅकेजमध्ये धरलेला नसतो. वीस खांबांचं भलंमोठं दालन, दरवाज्यातून येणारा उजेड दहा पावलांत दमतो, पुढे मंद दिवे. गाभाऱ्याच्या डाव्या हाताला भिंतीवर रंगवलेला पद्मपाणी बोधिसत्त्व. समोर कठडा. शूटचं गिऱ्हाईक कठड्याशी पाठ टेकून उभं राहतं आणि इथे कॅमेऱ्याचं साधं गणित आडवं येतं. उजेड तुमच्या चेहऱ्यापुरता धरला तर मागे पद्मपाणीच्या जागी काळं भिंताड. पद्मपाणीपुरता धरला तर पुढे तुमच्या जागी काळा ठिपका. दोघं एकदम येत नाहीत. यावर उपाय एकच, फ्लॅश. आणि फ्लॅशचा ‘फ’ निघायच्या आत कोपऱ्यातून आवाज येतो, ‘ओ दादा, लाइट बंद!’ ट्रायपॉड आधीच खाली अडलेला असतो. त्याला पुरातत्त्ववाल्यांची वेगळी परवानगी लागते. ड्रोनचं तर नाव काढू नका.

२०१८ च्या जुलैत दिल्लीत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, तेव्हा पंतप्रधानांनीच विचारलं होतं, की या फोनच्या जमान्यात स्मारकांत फोटोबंदी कसली? लगेच देशभरची दारं उघडली. अपवाद तीन ठेवले : ताजमहालातली कबरीची मुख्य जागा, लेहचा राजवाडा आणि अजिंठ्याची लेणी. प्रत्यक्षात लेण्यांत फोन निघतातच. फ्लॅश नको, एवढ्यावर दोन्ही पक्षांची तडजोड झालेली दिसते. ‘काढू नका’ ही पाटी आणि ‘चमकवू नका’ ही शिट्टी यांच्यामधल्या फटीत आपला सगळा पर्यटन उद्योग उभा आहे.

पुरातत्त्ववाल्यांची बाजू मात्र मला पटते. हे चित्र दगडावर नाही, मातीवर आहे. माती, दगडाची भरड, साळीचा तूस, वनस्पतींचे धागे यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर रंग. निळा रंग तर अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दी दगडाचा. माणसांच्या घामाचा आणि श्वासाचा दमटपणा या गिलाव्याला सोसत नाही. वाघांनी, वटवाघळांनी आणि पावसाने जे हजार वर्षांत केलं नाही, ते सुट्टीच्या रविवारी आपण उच्छ्वासाने करून येतो.

आणि अजिंठ्याचा फोटो ‘नीट यावा’ म्हणून झटलेल्यांचा इतिहास काही फार मंगल नाही. कॅप्टन रॉबर्ट गिलला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली या चित्रांच्या नकला करायला नेमलं. तो अजिंठा गावच्या बारादरीत राहिला, पारो नावाच्या तरुणीच्या प्रेमात पडला (ही गोष्ट कवी महानोरांनी आणि पुढे नितीन देसाईंच्या सिनेमाने घरोघर पोचवली, म्हणून इथे आवरतो), आणि वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून बसला. केलेली तैलचित्रं जहाजाने लंडनला गेली. तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली. १८६६ च्या डिसेंबरात पॅलेसला आग लागली आणि मोजकी सोडून सगळी जळाली. मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत, तेरा वर्षं. ती चित्रंही लंडनलाच पाठवली, आणि १८८५ च्या आगीत त्यांतलीही कित्येक गेली. पुढे जपानी मंडळी आली, कागदावर ठसे घेऊन गेली; १९२३ च्या भूकंपात तोकियोत तेही संपले. दोन आगी आणि एक भूकंप. आजचा फोटोग्राफर ‘काळजी करू नका, तीन ठिकाणी बॅकअप आहे’ म्हणतो तेव्हा मला हे आठवतं.

नकला गेल्या त्या गेल्या, जाताना अस्सलालाही चटका देऊन गेल्या. चित्र स्पष्ट दिसावं, उठाव यावा म्हणून नकलाकारांनी भिंतीवर व्हार्निश फासलं. पुढे निजामाच्या काळात इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी गिलावा पक्का करायला लाख लावली. हेतू चांगलाच होता. व्हार्निश पिवळं पडलं, मग तपकिरी झालं, आणि ज्यांना उजेड हवा होता त्यांनी मागे अंधार ठेवला. आजचे फिल्टर निदान मोबाइलमध्येच राहतात, एवढी प्रगती मान्य करायला हवी.

गिलच्या हातात १८५६ मध्ये कॅमेरा आला. (पारो गेली ती त्याच वर्षी, मे महिन्यात. तिची कबर अजिंठा गावात आहे. एवढी हेरिटेज कपल शूटं निघतात, त्या कबरीकडे कोणाची गाडी वळल्याचं ऐकलं नाही. तिथे घुमट नाही ना.) तेव्हाचा फोटो म्हणजे काचेच्या पट्टीवर रसायन ओतायचं, ती ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालायची, उजेड द्यायचा आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवून काढायची. खानदेशाच्या वेशीवरच्या उन्हात! दहा-पंधरा मिनिटांत खेळ खलास. अशा पट्ट्यांवरून केलेली, दोन डोळ्यांनी बघायची जोडचित्रं जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये पुस्तकात छापली गेली. त्या काळच्या या फोटोंत कुठे खांबाशी, कुठे दाराशी एखादा माणूस बसवलेला दिसतो. खांब किती उंच ते बघणाऱ्याला कळावं म्हणून. माणसाने खांब मोजायचा. आता खांबाने माणूस खुलवायचा, आणि खुलत नसेल तर खांब धूसर करायचा. ‘बॅकग्राउंड ब्लर करून देतो ना सर.’ दीड हजार वर्षांपूर्वी छिन्नीने ज्याची एकेक कड काढली, ते ब्लर.

बरं, जुनी माणसं काय नावासाठी हपापलेली नव्हती? भरपूर होती. सोळा नंबरचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवलं, आणि तसा लांबलचक शिलालेख लिहून ठेवला. राजाची वंशावळ, स्वतःची थोरवी, लेण्याची सजावट, सगळं आहे. सतरा नंबरच्या दात्यानेही तेच केलं, सव्वीस नंबरच्या बुद्धभद्र नावाच्या भिक्षूनेही. पण हे तिन्ही लेख कुठे आहेत बघा. बाहेर. ओसरीच्या भिंतीवर, उजेडात. आत सगळी जागा चित्रांना आणि बुद्धाला. पैसे ज्याचे त्याचं नाव दाराबाहेर, एवढी अदब मंत्र्याला होती.

ती मोडली कधी, तेही तिथेच दिसतं. अजिंठ्यावर आयुष्य घालवलेले अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांचं म्हणणं असं, की हरिषेण मेला, मोठे आश्रयदाते पांगले, आणि मग दोन-चार वर्षं मागे उरलेल्यांनी जागा मिळेल तिथे आपापल्या पुण्याचे छोटे-मोठे बुद्ध कोरून आणि रंगवून घेतले. खांबावर, दाराशेजारी, दुसऱ्याच्या चित्राच्या बगलेत. आराखडा गेला खड्ड्यात. स्पिंक यांचा सालवार हिशेब सगळ्यांना मान्य नाही, पण एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यांच्या बाहेरचे ते दाटीवाटीचे बुद्ध बघितले की मोबाइलवरची स्टेटसं आठवतात. मालक उठून गेला की पाहुणे भिंती वाटून घेतात.

आणि १८१९ च्या एप्रिलात वाघामागे आलेला मद्रास घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ तर थेट आतच घुसला. दहाव्या लेण्यातल्या खांबावर, रंगवलेल्या आकृतीच्या अंगावर, नाव, पलटण आणि तारीख कोरून मोकळा. ते नाव आज माणसाच्या डोक्यापेक्षा बरंच वर दिसतं. स्मिथ उंच होता म्हणून नव्हे. लेण्यात तेव्हा साचलेल्या मातीच्या ढिगावर तो उभा होता. पुढे ढीग उपसला, नाव वर लटकत राहिलं. गाइड आज पद्मपाणीइतक्याच भक्तीने टॉर्च मारून ते दाखवतो आणि लोक त्याचाही फोटो काढतात. गुन्हा जुना झाला की त्याला तिकीट लागतं.

पद्मपाणीचं काय? त्याला या सगळ्याचं सोयरसुतक नाही. फोटोग्राफर शूटमध्ये दर दोन मिनिटांनी ओरडत असतो, ‘कॅमेऱ्याकडे बघू नका, जरा खाली बघा, नॅचरल राहा, कँडिड हवंय!’ आणि मागे हा सद्गृहस्थ दीड हजार वर्षं नेमकं तेच करत उभा आहे. मान कललेली, पापण्या खाली, हातात कमळ, भोवती माकडं आणि मोर. एकदाही कॅमेऱ्याकडे बघितलेलं नाही. पुढ्यात शेरवानीतला नवरदेव पोट आत ओढून उभा. दोघांपैकी कोणाचा फोटो घ्यायचा हे ठरवायला अॅडव्हान्स लागत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शूट करा, जरूर करा, फक्त वराहदेवासारखं दाराबाहेर करा. समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटवर जा. तिथून वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखी पसरलेली सगळी लेणी एका चौकटीत येतात, तुमच्यासकट. उजेड फुकट. गाऊन वाऱ्यावर उडतो तो खराखुरा. फक्त पावसाळ्यात सप्तकुंड धबधब्याच्या कडेला ‘अजून एक पाऊल मागे’ ऐकू नका. २०२३ च्या जुलैत एक तरुण तिथे सेल्फीपायी खाली कुंडात गेला आणि पोलिसांनी व गावकऱ्यांनी दोर सोडून त्याला वर काढला. फोटोग्राफरच्या पॅकेजमध्ये दोर धरलेला नसतो.

आणि ज्यांना पद्मपाणी मागे हवाच आहे, त्यांची सोय तर सरकारने कधीचीच करून ठेवलेली आहे. फर्दापूरच्या टी-पॉइंटजवळ पर्यटन महामंडळाने जपानी कर्जातून एक भलंथोरलं अभ्यागत केंद्र बांधलं. २०१३ मध्ये ते सुरू झालं. त्यात एक, दोन, सोळा आणि सतरा या चार लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती आहेत, खांबांसकट, चित्रांसकट. कल्पना उत्तम होती : आधी इथे उजेडात नकल बघा, समजून घ्या, मग अंधारात अस्सल बघायला जा, आणि लवकर बाहेर या. फ्रान्समध्ये लास्कोच्या आदिमानवाच्या गुहेचं असंच केलं. लोकांच्या श्वासाने चित्रांवर शेवाळ धरायला लागलं तेव्हा १९६३ साली गुहा सरळ बंद केली, १९८३ मध्ये शेजारी प्रतिकृती उभारली, २०१६ मध्ये आणखी मोठी. लोक रांगा लावून नकल बघतात आणि खूश होऊन घरी जातात. योगायोग बघा, त्याच १९८३ मध्ये अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत आलं. तिकडे नकल उघडली, इकडे अस्सलाकडे बसेस सुटल्या.

आपली नकलही उघडली होती, पण वीज आणि पाण्याची बिलं थकली आणि काही वर्षांतच केंद्राला कुलूप लागलं. ते पुन्हा सुरू करण्याच्या बातम्या अधूनमधून येतात, तशाच जातात. कारागिरांनी दिव्याच्या उजेडात रंगवलेली अस्सल लेणी पंधराशे वर्षं टिकली, आणि विजेवर चालणारी नकल एका बिलाला गारद झाली.

आता हेरिटेज शूटवाल्यांनी पुढाकार घ्यावा. चारही खोट्या लेण्यांचं तासावर भाडं लावा. फ्लॅश मारा, ट्रायपॉड लावा, रिफ्लेक्टर धरा, धूर सोडा, गुलाबपाकळ्या उधळा, पद्मपाणीच्या गळ्यात गळा घाला. त्याचा रंग पोपडला तर पुन्हा लावता येतो. कोपऱ्यातून कोणी शिट्टी वाजवणार नाही. कपडे बदलायला खोल्या आहेत, गाडी दारापर्यंत जाते. सोमवारी खरी लेणी बंद असतात, त्या दिवशी तर दर दुप्पट घ्या. एवढ्या उत्पन्नात थकबाकी फिटायला किती वेळ लागणार? फक्त पहिला अॅडव्हान्स वीज मंडळाला भरावा लागेल, रिंगलाइट लाजवर्दीवर चालत नाही.